अर्ज मागे घेणाऱ्याचं नाव

१४ जून

मास्तरीणबाई,

फोन तू उचलत नाहीस. गेले चार दिवस तर तो वाजतही नाही, एक बाई सांगते की हा नंबर उपलब्ध नाही. ती तुझ्यापेक्षा गोड बोलते एवढं मात्र खरं. तुझ्या मेलला यापुढे हात लावायचा नाही असं ठरवलंय. राहिला कागद. हा मुकादमाच्या हजेरीच्या वहीतून मागून घेतला, म्हणून मागच्या बाजूला उभे रकाने दिसतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

मी परत रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या टोळीत आलोय. पण ढकलगाडी अजून हातात दिलेली नाही. सध्या लाल झेंडा घेऊन उभा असतो, गाड्या थांबवतो आणि लोकांच्या शिव्या खातो. ढकलगाडी म्हणजे ती चाकांची पेटी. भट्टीत पावडर शिजवून पांढरा रस्सा करतात, तो पेटीत ओततात, आणि एकजण ती सुतळीच्या खुणेवरून सरळ ढकलत नेतो. मागून मणीकाका ओल्या पट्ट्यावर काचेचे बारीक बारीक मणी फेकत येतात, दिव्यात चमकावं म्हणून. काल 'हळू' लिहिलं. तुला गंमत सांगतो, रस्त्यावरचं अक्षर माणसापेक्षा लांब काढावं लागतं, ताणलेलं, भुतासारखं. शेजारी उभं राहिलं तर वाचताच येत नाही. गाडीतून, दुरून, बरोबर दिसतं. मी त्या 'ळू'च्या आत उभा राहून डबा खाल्ला.

हे सांगायला पत्र लिहिलेलं नाही, मला माहीत आहे.

आईने सांगितलं की विद्यापीठाचं काहीच उत्तर आलं नाही म्हणून तू स्वतः चौकशीला गेलीस, आणि त्यांनी छापलेला मेल समोर ठेवला. तुझं नाव, तुझा अर्ज क्रमांक, आणि 'आर्थिक अनिश्चिततेमुळे मी माझा अर्ज मागे घेत आहे. तसदीबद्दल क्षमस्व.' आणि तू म्हणे तिथल्या तिथे म्हणालीस, "हे माझ्या भावाने लिहिलंय." तसदीवरून ओळखलंस ना? तू सातवीत असल्यापासून तुझ्या रजेच्या चिठ्ठ्या मी लिहायचो. कधी बाबा व्हायचो, कधी आई, आणि दोघांनाही तसदीबद्दल सारखंच वाईट वाटायचं. तू हसायचीस तेव्हा. तुझं मेलचं खातंही मीच उघडून दिलं, माझ्या नंबरवर, कारण तेव्हा तुझ्याकडे फोन नव्हता, आणि त्यात काय आलं ते बघायचं कामही माझ्याकडेच राहिलं. अर्जही आपण दोघांनीच भरला. हमीदाराच्या रकान्यात माझं नाव लिहिताना तू विचारलंस, "नक्की ना?" मी म्हटलं, "लिही गं." तुझ्या नावाने चार ओळी लिहिणं मला कधी वेगळं वाटलंच नाही, हे तरी तू समजून घेशील.

आणि मी ते बाबांसाठी केलं. त्यांच्या डाव्या गुडघ्याची तपासणी व्हायची होती. क्लच दाबायचा गुडघा तो. डॉक्टरांनी नाही म्हटलं असतं तर बस चालवायची नोकरी गेली असती, आणि विद्यापीठाला कागद हवा होता की घरचं उत्पन्न पक्कं आहे. माझा वाटा तयार होता. पण बाबांना कुणापुढे हात पसरावे लागले असते, तुझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती. ते मला बघवलं नसतं. म्हणून.

पुढच्या वर्षी भर. कान तपासायचं शास्त्र काही पळून जात नाही, आईचा ऐकू न येणारा कान तर घरातच आहे.

तुझा
दादा


२३ जून

मास्तरीणबाई,

काल बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून फोन करतात म्हणजे एकतर कुणी गेलेलं असतं किंवा त्यांनी चुकून बटण दाबलेलं असतं. मी म्हटलं, "बोला." बराच वेळ नुसता डेपोतला आवाज. मग म्हणाले, "काय रे, माझ्या गुडघ्याने तुझं काय घोडं मारलंय?"

तू माझं पत्र त्यांना वाचून दाखवलंस.

"ती मला विचारत होती, बाबा, तुम्ही मला का नाही सांगितलंत," ते म्हणाले. "मी म्हटलं, काय नाही सांगितलं? तर तिने कागद काढला."

"मग?"

"मग काय. सुट्टी होती, तरी डेपोत येऊन ड्यूटी मागून घेतली. इथे कुणी काही वाचून दाखवत नाही."

मी सांगायला लागलो की मला तसं म्हणायचं नव्हतं. ते म्हणाले, "मी कधी नको म्हटलं होतं? एकदा तरी? तुला आठवत असेल तर सांग, मला नाही आठवत." मग त्यांची गाडी लागली आणि त्यांनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे खिशात टाकला, बंद करायला विसरले. मी सात मिनिटं त्यांची बस ऐकली. एका म्हातारीला त्यांनी पायरीवर हात दिला, "सावकाश, घाई नाही," असं म्हणाले. गिअर टाकताना हलकं कण्हले. ते त्यांचं नेहमीचं आहे की गुडघा, मला कळलं नाही. तुला कळलं असतं.

तर ते गुडघ्याचं खोटं होतं. म्हणजे गुडघा खरा आहे, तपासणी खरी होती, पण मी त्यांच्यासाठी केलं हे खोटं. माझा वाटा तयार नव्हता. वाटाच नव्हता.

टोळीत असं आहे बघ. दिवसाची अर्धी मजुरी हातात मिळते, अर्धी मुकादमाकडे राहते. रस्त्याचा शेवटचा पट्टा पडला की राहिलेलं सगळं एकदम. जो मध्येच जातो त्याचं राहिलेलं बाकीच्यांत वाटलं जातं. हा नियम कुणी लिहिलेला नाही आणि आजवर कुणी मोडलेलाही नाही. माझं सात महिन्यांचं अर्धं मुकादमाकडे होतं. तुझ्या पहिल्या वर्षाला पुरून उरलं असतं. रस्ता संपायला तीन आठवडे होते.

आणि काचेची पोती घेऊन एक ट्रक आला. ड्रायव्हर गप्पिष्ट. म्हणाला, या रस्त्याच्या टोकाला मिठागरं आहेत, डोळा पोचेल तिथवर पांढरं, दुपारी बघितलं तर जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं कळत नाही. मी म्हटलं, दोन दिवसांत परत सोडाल का? तो म्हणाला, सोडतो की. पांढरं बघायला गेलो मी. रोज सहा तास पांढरं ओतणारा माणूस.

मुकादम फक्त एवढंच म्हणाला, "जातोस? विचार कर." मी म्हटलं, दोन दिवस. तो म्हणाला, "दोन दिवस म्हणजे गेलाच."

महिनाभर राहिलो. मीठ ओढायचं फावडं लाकडी असतं, लोखंडाचं असेल तर मीठ त्याला खातं. हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का? तिथे संध्याकाळी... नाही, ते पुढे कधीतरी.

मे लागला आणि विद्यापीठाचा मेल आला, हमीदाराने दहा तारखेपर्यंत सही केलेला कागद पाठवावा. हमीदार मिठाच्या ढिगावर बसलेला. सही करायची तर पैसे दाखवायला हवेत. नाही करायची तर तुला सांगायला हवं. मी तिसरंच केलं. तुझ्या नावाने लिहिलं. म्हटलं, तिला वाटेल विद्यापीठानेच नाही म्हटलं, रडेल, आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत मी जमवीन. म्हणजे तुझ्या डोक्यात त्यांना वाईट करून ठेवायचं आणि मी नामानिराळा. बाबांचा निकालही त्या सुमारास लागला, ठीक निघाला, हे तुला माहीत आहेच.

मागे वाटलेल्या माझ्या पैशातून मणीकाकांनी बूट घेतले. चांगले आहेत, जाड तळव्याचे. परत आलो त्या दिवशी त्यांनी ते मला दाखवले आणि मग पाय मागे घेतले. मी म्हटलं, "काका, शोभतात." ते म्हणाले, "तुझेच आहेत." मी म्हटलं, "माझा पाय मोठा आहे."

बाबांना सांग, मी खोटं बोललो. नाहीतर सांगू नकोस, मीच सांगेन. मीच सांगायला हवं.

दादा


४ जुलै

मास्तरीणबाई,

तुझं पाकीट मिळालं. आधी आनंद झाला, मग उघडलं तर आत माझंच पत्र. दुसरं. पेन्सिलने फक्त एका जागी रेघ. 'त्या सुमारास' या शब्दांखाली. आणि समासात तुझ्या अक्षरात, तारीख?

बाकी काही नाही. शुद्धलेखनही तपासलं नाहीस. तुला एवढा राग आलेला मी आधी बघितलेला नाही.

बाबांना मी रविवारी सांगितलं. ते म्हणाले, "बरं." नंतर म्हणाले, "जेवलास का?" मला वाटतं याच्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी फोन आईला दिला. आईने फोन चुकीच्या कानाला लावला होता, त्यामुळे मी दोनदा सांगितलं आणि तिने दोनदा विचारलं, "काय म्हणतोस?" तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा कळलं की पहिल्याच वेळी तिला ऐकू आलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आठवडा लागला. दोनदा लिहून फाडलं. एका कागदावर तर सगळं उत्तर सोडून फावड्याबद्दलच लिहिलं होतं.

तारखा अशा.

नऊ मे. दुपारी तुझ्या नावाने मेल पाठवला.

दहा मे. त्यांचं उत्तर आलं. अर्ज मागे घेतल्याची नोंद केली आहे, तरी विचार बदलल्यास वीस मेपर्यंत अर्जदाराने लेखी कळवावं आणि हमीदाराचा कागद जोडावा, अर्ज जसाच्या तसा पुन्हा धरला जाईल. हमीदार पालकांपैकी कुणीही चालेल. हे असं लिहिलं होतं, सोप्या भाषेत, मला समजेल अशा.

तेरा मे. आईचा फोन. बाबांचा गुडघा पास. बस राहिली, नोकरी राहिली. आई हसत होती. मी म्हटलं, वा, आता बाबांना सांग, जिन्याने पळू नका. मागून तुझा आवाज आला, "दादाला विचार, विद्यापीठाचं काही आलं का." आईने विचारलं.

मी म्हटलं, "नाही अजून. त्यांना वेळ लागतो."

तेव्हा सात दिवस होते. बाबांची नोकरी पक्की झाली होती. बाबांनी सही केली असती, एका मिनिटात केली असती. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की आलंय, वाचून दाखवतो. पण ते वाचून दाखवायचं तर आधी नऊ तारखेचं सांगावं लागलं असतं, आणि त्याच्या आधी मिठागराचं, आणि त्याच्या आधीचं. तू ऐकत होतीस. आईही ऐकत होती, फोन तिच्या चांगल्या कानाला होता त्या दिवशी.

फोन ठेवला आणि मी तो मेल पुसला. चुकून नाही. पुसू का म्हणून फोनने विचारलं, मी हो म्हटलं.

म्हणजे कारण गुडघा नव्हता, पैसेही नव्हते. मला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून तुझी जागा गेली. मिठागरात गेलो ते डोकं ठिकाणावर नसल्यामुळे. नऊ मेचं घाबरून. पण तेरा मेला मी शांत होतो. चहा पीत होतो. ते मला विसरता येत नाही, चहा संपवला मी.

हे उत्तर तुला हवं होतं तेवढंच आहे. तुझी ती पेन्सिलची रेघ फारच सरळ होती. आम्हाला सुतळी लागते.


१३ जुलै

मास्तरीणबाई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच, यात तुझ्या कामाचं आहे. मधला भाग सोडलास तरी चालेल, पण शेवट सोडू नकोस.

परवा मुकादमाकडे एका दिवसाची रजा मागितली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "संध्याकाळी परत येतो." तो म्हणाला, "गेल्या वेळी दोन दिवस होते." टोळी हसली. मणीकाका म्हणाले, "जाऊ दे त्याला, मी झेंडा धरतो." आणि मी विद्यापीठात गेलो.

प्रवेशाची खिडकी तुला माहीत आहे. आत चष्मा गळ्यात लटकवलेल्या बाई होत्या.

"काय काम?"

"एक अर्ज मागे घेतला होता. ते मागे घेणं मागे घ्यायचंय."

"अर्जदार तुम्ही?"

"नाही."

"मग मागे कुणी घेतला?"

"मी."

त्यांनी चष्मा लावला. अर्ज क्रमांक सांगितल्यावर म्हणाल्या, "ती मुलगी येऊन गेली होती. उभी होती इथे तशीच, पाच मिनिटं. 'भावाने लिहिलंय' एवढंच म्हणाली. मागे रांग होती, तरी मी तिला हल म्हटलं नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही भाऊ का?" मी मान हलवली. "दिसतं," म्हणाल्या. काय दिसलं ते नाही सांगितलं.

त्यांनी एक कागद दिला. 'अर्ज अर्जदाराच्या नकळत मागे घेतला गेल्याचं निवेदन.' असा छापील कागद त्यांच्याकडे आहे, गं. म्हणजे मी पहिला नाही. बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. त्यात शेवटी बारीक अक्षरात आहे की खाली सही करणाऱ्याला या विद्यापीठात यापुढे कुणाचंही हमीदार होता येणार नाही, आणि तक्रार करायची की नाही ते समिती ठरवेल. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "वाचलंत? नंतर वाचलं नव्हतं म्हणू नका."

"तक्रार म्हणजे पोलीस?"

"ते मला नाही माहीत. एकदा झाली होती, एकदा नव्हती."

पेन साखळीला बांधलेलं होतं आणि साखळी आखूड, कागद तिरपा धरून लिहावं लागलं. 'मागे घेण्याचं खरं कारण' असा रकाना होता आणि शेजारी यादी, प्रकृती, कौटुंबिक, आर्थिक, इतर. मी इतरवर खूण केली आणि लिहिलं, 'पैसे अनिश्चित नव्हते, हमीदार अनिश्चित होता. वीस मेपर्यंत संधी होती, ती हमीदाराने अर्जदारापासून लपवली.'

बाईंनी वाचलं. "हे असंच टाइप करू?"

"करा."

"रकान्यात बसत नाही."

"मग बसेल तेवढं करा."

त्यांनी थोडा विचार केला आणि पहिलं वाक्य गाळलं. म्हणाल्या, "दुसरं महत्त्वाचं आहे." बरोबर होतं त्यांचं. पहिलं मी येताना गाडीत जुळवलं होतं, आणि ते जुळवताना मला जरा बरं वाटलं होतं. मी सही केली. तसदीबद्दल काही लिहिलं नाही.

आता तुझं. यंदाची जागा गेली, ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, ती परत येणार नाही. पण समितीला वाटलं तर तुझा अर्ज जानेवारीच्या तुकडीत धरता येतो, पुन्हा परीक्षा नाही, पुन्हा मुलाखत नाही. त्यासाठी माझा कागद पुरत नाही. तू स्वतःच्या हाताने लिहून द्यायला हवं की तुला अजून यायचंय. चोवीस जुलैच्या आत, स्वतः जाऊन. नवा हमीदार लागेल. बाबांना विचार. त्यांना मी आधी काही सांगितलेलं नाही, तूच विचार, म्हणजे त्यांना कुणीतरी सरळ विचारलं असं होईल.

मी मुकादमाला सांगून ठेवलंय की या रस्त्याचं माझं राहिलेलं अर्धं शेवटच्या पट्ट्यानंतर बाबांच्या हातात द्यायचं. तो म्हणाला, "आणि मध्येच उडालास तर?" मी म्हटलं, "तर वाटून टाका, नेहमीसारखं." "मग तुझ्या बहिणीला काय सांगू?" "उडाला म्हणून सांगा." त्याचा नंबर पाठीमागे लिहिलाय. रस्ता डिसेंबरात संपतो असं तो म्हणतो. मध्ये कधी जाणून घ्यावंसं वाटलं तर त्याला विचार, मला विचारू नकोस. त्याच्या भरवशावर अर्ज कर असंही मी म्हणत नाही. बाबांच्या पगारावर कर. माझं आलं तर आलं.

तुझ्या मेलमधून माझा नंबर काढून टाकलाय. आता पासवर्ड बदल, मला ओळखता येणार नाही असा.

चोवीस तारखेपर्यंत मी तिकडे फिरकणार नाही. मी फाटकाशी उभा असेन या भीतीने तू जायची थांबू नयेस म्हणून सांगतोय. मला यायला आवडलं असतं. तू जिना चढताना लांबून बघितली असती आणि परत आलो असतो. पण तू मला नक्की बघितलं असतंस, आणि मग तुझं लक्ष कागदावर राहिलं नसतं.

खिडकीवर जाऊ नकोस, समितीचा कागद तिथे घेत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर जा. जिना संपला की दोन दारं आहेत आणि पाटी चुकीच्या दारावर लावलीय, मी त्या दारात वीस मिनिटं बसलो होतो. ते गोदाम आहे. तू डावीकडच्या दारात जा. कडी कडक आहे, पण आत माणसं असतात, जोरात ढकल.